शेक कोणता घ्यायचा? तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरवरच्या रेडिएशनबद्दल



तोंडाचा, जिभेचा, गालाचा किंवा घशाचा कॅन्सर निघाला की बऱ्याच जणींना, बऱ्याच जणांना डॉक्टर रेडिएशन सांगतात. आपल्याकडे त्याला कुणी शेक म्हणतं, कुणी लाईट, कुणी करंट. नाव काहीही असो, पुढचा प्रसंग सगळीकडे सारखाच. टेबलापलीकडून एक कागद पुढे येतो. साधा शेक इतक्याला, थ्री-डी इतक्याला, आयएमआरटी इतक्याला. घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. महाग आहे म्हणजे तेच चांगलं असणार, असं मनात येतं. मग बैलजोडी विकायची की डोरलं मोडायचं, याचा हिशेब तिथल्या बाकावरच सुरू होतो. गटाकडे तातडीचं कर्ज मागायला बाई येते तीही अशाच वेळी. म्हणून आज हा विषय आम्ही घेतला आहे.

हा आजार फक्त गुटखा खाणाऱ्या गड्यांचा, असं कुणी म्हणू नये. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. सकाळी दात घासायला म्हणून सुरू होते आणि मग दिवसातून चार वेळा हिरड्यांना लागते. सुपारी, तंबाखूचं पान, गुटखा ही सगळी त्याच वाटेवरची. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्री आपल्या आपण तव्यावर भाजतो, तिथे कोण बंदी घालणार?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. शेक म्हटलं तरी यात गरम काही नसतं. एक्स-रे काढताना जसं काही जाणवत नाही, तसंच मशीनखाली झोपल्यावरही जाणवत नाही. किरण त्याच जातीचे, पण कितीतरी जास्त ताकदीचे. ते गाठीच्या पेशींना आतून इजा करतात. वाटेतल्या चांगल्या पेशींनाही इजा होते, पण चांगल्या पेशी रात्रीतून स्वतःला बऱ्याच सावरतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही. म्हणूनच सगळा डोस एकदम देत नाहीत, रोज थोडा थोडा देतात. आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे. ऑपरेशननंतर द्यायचा असेल तर बहुधा तीस वेळा, ऑपरेशनशिवाय द्यायचा असेल तर तेहतीस-पस्तीस वेळा. औषध जसं मिलिग्रॅममध्ये मोजतात, तसे हे किरण 'ग्रे' नावाच्या मापात मोजतात. तोंड-घशाच्या कॅन्सरला एकूण ६० ते ७० ग्रे लागतात.

इथे एक गोंधळ आधी सोडवू. मशीन वेगळं आणि पद्धत वेगळी. मशीन मुख्यतः दोन प्रकारची. एक कोबाल्टचं, ज्यात कोबाल्ट-६० नावाचा किरण सोडणारा धातू बंद डबीत असतो. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं 'भाभाट्रॉन' हे याच जातीचं. याला वीज कमी लागते, बिघाड कमी. मात्र डबीतला धातू हळूहळू निवत जातो, सव्वापाच वर्षांत त्याची ताकद निम्मी होते. मग तेवढाच डोस द्यायला पेशंटला जास्त वेळ झोपून राहावं लागतं, आणि काही वर्षांनी डबी बदलावी लागते. दुसरं मशीन लिनॅक. ते विजेवर किरण तयार करतं, बंद केलं की किरण बंद. त्याच्या किरणांची कड जास्त रेखीव असते. थ्री-डी, आयएमआरटी ही मात्र मशीनची नावं नव्हेत. ती किरण द्यायच्या पद्धतीची नावं आहेत, आणि आयएमआरटी सहसा लिनॅकवरच होते.

पद्धती समजायला शेताकडे बघू. जुनी साधी पद्धत म्हणजे पाटाचं पाणी. दार मोडलं की सगळ्या वाफ्यात पाणी. पिकालाही मिळतं, बांधावरच्या गवतालाही. तोंड-घशाच्या कॅन्सरला या पद्धतीत डाव्या-उजव्या बाजूंनी दोन चौकोनी झोत समोरासमोर सोडतात, खाली मानेला एक. एक्स-रे बघून हाडांच्या खुणांवरून जागा ठरवतात. गाठीला डोस पुरेपूर मिळतो, यात शंका नाही. पण त्या दोन झोतांच्या वाटेत जे काही आहे त्यालाही तेवढाच मिळतो.

थ्री-डी पद्धतीत आधी सीटी स्कॅन काढतात. गाठ कुठे, मणका कुठे, डोळा कुठे हे डॉक्टर त्या चित्रांवर रेघा ओढून दाखवतात. मग झोत चौकोनी न ठेवता गाठीच्या आकाराचा कापतात आणि तीन-चार दिशांनी सोडतात. म्हणजे वाफा बांध घालून पिकाच्या आकाराचा केला, पण पाणी पाटाचंच.

आयएमआरटी म्हणजे ठिबक. झोत पाच, सात, नऊ दिशांनी येतात आणि प्रत्येक झोताच्या तोंडाशी धातूच्या पातळ पट्ट्या मागे-पुढे सरकत राहतात. त्यामुळे एकाच झोतात इथे जास्त, तिथे कमी असं करता येतं. गाठीभोवती डोस घट्ट बसतो आणि शेजारी पटकन उतरतो. याचीच पुढची आवृत्ती व्हीमॅट. त्यात मशीन पेशंटभोवती गोल फिरत फिरत किरण देतं. काम दोन-चार मिनिटांत होतं, एरवी दहा-पंधरा मिनिटं झोपावं लागतं. आणि आयजीआरटी म्हणजे शेक देण्याआधी त्याच टेबलावर फोटो काढून मान जागच्या जागी आहे का हे तपासणं. ही स्वतंत्र पद्धत नव्हे, खातरजमा आहे.

मग या ठिबकाने वाचतं काय? वाचते ती मुख्यतः लाळ.

कानाच्या पुढे-खाली, गालगुंड झालं की जिथे सूज येते, तिथे दोन्ही बाजूंना लाळेच्या मोठ्या ग्रंथी असतात. आपल्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. आपण तिचा कधी विचारच करत नाही. पण लाळ आटली की कळतं. ज्वारीच्या भाकरीचा घास तोंडात फिरत राहतो, गिळत नाही. रात्री तीनदा उठून पाणी प्यावं लागतं. चार वाक्यं बोलली की जीभ टाळूला चिकटते. दात वर्षा-दोन वर्षांत किडायला लागतात, कारण त्यांना धुणारं तोंडात काही उरत नाही. साध्या पद्धतीतले दोन झोत नेमके या दोन्ही ग्रंथींमधून आरपार जातात. ग्रंथीला सरासरी २६ ग्रेपेक्षा कमी डोस पोचला तर काही महिन्यांनी लाळ बरीचशी परत येते. त्याच्या बराच वर गेला तर ती आयुष्यभर कमीच राहते. आयएमआरटीची सगळी धडपड त्या रेषेच्या खाली राहण्याची.

हे नुसतं सांगण्यापुरतं नाही, तपासून पाहिलेलं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ६० पेशंटमध्ये थ्री-डी आणि आयएमआरटी यांची तुलना केली. कुणाला कोणती पद्धत मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे भेदभाव नको. त्याचे निकाल २०१२ मध्ये छापून आले. थ्री-डी घेतलेल्या २८ पैकी २५ जणांना उपचाराच्या काळात लाळेचा बऱ्यापैकी त्रास झाला, आयएमआरटी घेतलेल्या ३२ पैकी १९ जणांना. इंग्लंडमध्येही ९४ पेशंटवर असाच अभ्यास झाला, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे तुलना जुन्या पद्धतीशी होती. वर्षभरानंतर जुन्या पद्धतीच्या शंभरातल्या ७४ जणांचं तोंड त्रास होण्याइतकं कोरडं होतं, आयएमआरटीच्या शंभरातल्या ३८ जणांचं.

हा फरक मोठा आहे, तो आम्ही कमी लेखत नाही. पण त्याच अभ्यासांतली दुसरी गोष्ट काउंटरवर सहसा कुणी सांगत नाही. कॅन्सर आटोक्यात राहण्यात आणि माणूस जगण्यात या दोन्ही अभ्यासांत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे महाग पद्धत घेतली म्हणून जीव जास्त वाचतो आणि साधी घेतली म्हणून माणूस जातो, असं नाही. आयएमआरटीने नंतरचं जगणं सुसह्य होतं. इंग्लंडच्या पेशंटना उपचार चालू असताना थकवा तर आयएमआरटीतच जास्त आला, कारण झोत अनेक दिशांनी आल्यामुळे थोडा थोडा डोस इतरही भागांवर सांडतो. आणि तोंड येणं, चव जाणं, मानेची कातडी काळी पडणं हे कोणत्याही पद्धतीत चुकत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होतं, उपचार संपल्यावर महिना-दीड महिन्यात उतरतं. चव यायला आणखी वेळ लागतो.

फायदा सगळ्यांना सारखा होतो असंही नाही. गाठ कुठे आहे, यावर बरंच अवलंबून असतं. घसा, जिभेचं मूळ, नाकामागची जागा इथे कॅन्सर असेल तर मानेच्या दोन्ही बाजूंना किरण द्यावे लागतात, दोन्ही ग्रंथी धोक्यात येतात. इथे आयएमआरटीचं मोल सर्वांत जास्त. गाठ डोळ्याजवळ किंवा मेंदूच्या तळाशी असेल तिथेही तसंच. पण आपल्याकडे मिश्री-तंबाखूने होणारा गालाचा किंवा हिरडीचा कॅन्सर बऱ्याचदा एकाच बाजूला असतो. डॉक्टरांनी एकाच बाजूला शेक पुरेसा आहे असं ठरवलं, तर दुसऱ्या बाजूची ग्रंथी तशीही वाचते, मग थ्री-डी आणि आयएमआरटीतला लाळेचा फरक कमी होतो. आवाजाच्या पेटीचा अगदी सुरुवातीचा कॅन्सर असेल तर किरणांचा झोत एवढासाच लागतो, लाळेच्या ग्रंथी त्यात येतच नाहीत. तिथे साध्या पद्धतीनेही कित्येक वर्षांपासून चांगला गुण येतो आहे. ओठाच्या किंवा जिभेच्या छोट्या गाठीत कधी कधी बारीक नळ्या घालून आतूनच किरण देतात. ते काम हात बसलेल्या डॉक्टरांचं, सगळीकडे होत नाही.

प्रोटॉनबद्दल हल्ली कानावर येतं. आपल्या राज्यात टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात ती सोय आहे. लहान मुलांच्या गाठी, कवटीच्या तळाच्या गाठी यांना तिचा उपयोग जास्त. गालाच्या नेहमीच्या कॅन्सरसाठी प्रोटॉनच्या मागे धावून जमीन गहाण टाकू नये, इतकंच आम्ही म्हणू.

ठिबकाचा दाखला आपण घेतला, त्याची दुसरी बाजूही खरी आहे. पाटाच्या पाण्यात रोप चार बोटं इकडे-तिकडे असलं तरी भिजतं. ठिबकाची नळी सरकली तर मूळ कोरडं राहतं. आयएमआरटीत डोस इतका घट्ट बसवलेला असतो, की डॉक्टरांनी रेघ ओढताना गाठीचा भाग सुटला किंवा पेशंटची मान काही मिलिमीटर हलली, तर गाठीची कड उपाशी राहू शकते. म्हणून ही पद्धत हात बसलेल्या ठिकाणीच घ्यावी. म्हणूनच चेहऱ्याचा साचा बनवतात. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहरा-मानेवर बसवतात, ती थंड होऊन कडक होते आणि रोज तीच घालून टेबलाला अडकवतात. पहिल्या दिवशी जीव घाबरतो. जाळीतून श्वास व्यवस्थित घेता येतो, बाहेरून कॅमेऱ्यात आपल्याला बघत असतात, हात वर केला की थांबवतात. हे आधी माहीत असलं की भीती निम्मी होते. पुढे खाणं कमी होऊन वजन उतरलं की साचा सैल पडतो. सैल लागला तर गप्प बसायचं नाही, लगेच सांगायचं. गरज पडली तर नवा साचा, नवा स्कॅन करतात.

आता पद्धतीपेक्षाही मोठी गोष्ट. शेक वेळेत सुरू होणं, आणि मध्ये न चुकणं.

ऑपरेशननंतर शेक द्यायचा असेल तर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा लागतो. आणि एकदा सुरू झाला की खंड नको. मधल्या काळात मार खाऊन उरलेल्या कॅन्सरच्या पेशी घाईने वाढायला लागतात. एकूण उपचार जितके दिवस लांबतो, तितकी गाठ ताब्यात राहण्याची शक्यता दिवसाला साधारण एक-दीड टक्क्याने घसरते, असा डॉक्टरांचा अंदाज आहे. सुगीसाठी चार दिवस, मुलीच्या लग्नासाठी पाच दिवस, तोंड आलं म्हणून आठवडाभर असं करत गेलं तर महागड्या पद्धतीचाही पैसा पाण्यात. उलट बाजूनेही हे पाहिलेलं आहे. २०१० मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात वेगवेगळ्या देशांतले ९०८ पेशंट होते. निम्म्यांना आठवड्यातून पाच वेळा शेक, निम्म्यांना सहा वेळा, एकूण डोस तोच. सहा वेळा घेणाऱ्यांचं तोंड जास्त आलं, पण पाच वर्षांनी शंभरातल्या ४२ जणांचा कॅन्सर जागच्या जागी आटोक्यात होता, पाचवाल्यांमध्ये ३० जणांचा. भारी मशीन आणलं नव्हतं, फक्त वेळापत्रक बदललं होतं. आपल्याला सहा वेळा द्यावा की पाच, की सोबत सलाईनमधून केमो द्यावी, हे डॉक्टर पेशंटची ताकद बघून ठरवतील.

म्हणून आमचं मत असं. जवळच्या चांगल्या केंद्रात आज थ्री-डी मिळत असेल आणि आयएमआरटीसाठी दुसरीकडे तीन महिने थांबायचं असेल, तर डॉक्टरांशी बोलून आहे तो शेक वेळेत घ्यावा. दोन्ही वेळेत मिळत असतील, आणि दोन्ही बाजूंना शेक द्यायचा असेल, तर आयएमआरटी मागावी. ती मागणं म्हणजे चैन नव्हे. कोरडं तोंड पुढची वीस वर्षं सोबत राहू शकतं.

आणि सगळंच खिशातून भरायचं असं नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचा शेक बसतो. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्यांच्याकडे जायचं, पैसे भरल्यावर नव्हे, कारण मंजुरी आधी लागते. "माझ्या आजाराला योजनेत आयएमआरटी बसते का?" हे नाव घेऊन विचारायचं. सगळ्यांना मुंबईच गाठायला हवी असंही नाही. बार्शी, मिरज, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही कॅन्सरची मोठी हॉस्पिटलं आहेत. मुंबईला गेलातच तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटसाठी आधार आहे. रेल्वेच्या तिकिटात पेशंटला आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते, तिचा फॉर्म हॉस्पिटलमध्येच भरून मिळतो. गटाने कर्ज द्यायचंच तर मशीनसाठी देण्याआधी सहा-सात आठवड्यांच्या राहण्या-खाण्यासाठी आणि घरची गुरं सांभाळणाऱ्यासाठी द्यावं, असं आम्हाला वाटतं. शेक अर्धवट सुटतो तो बऱ्याचदा तिथेच.

डॉक्टरांकडे जाताना दोन-तीन प्रश्न मनाशी धरून जा. शेक एका बाजूला की दोन्ही? लाळेच्या ग्रंथी वाचवता येतील का? किती दिवस, आणि सुट्टी आली किंवा मशीन बंद पडलं तर तो दिवस कसा भरून काढणार? शेवटचा प्रश्न विचारला की डॉक्टरही सावध होतात, असा अनुभव आहे.

शेकाच्या आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. खराब दात आधी काढून घ्यायचे आणि जखम भरायला दोनेक आठवडे द्यायचे. शेक झाल्यावर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. नंतर कधीही, अगदी दहा वर्षांनीही, दात काढायची वेळ आली तर तिथे शेक घेतल्याचं आधी सांगायचं. नाहीतर जखम भरत नाही, हाड सडतं. शेक चालू असताना मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने दिवसातून सात-आठ वेळा चूळ भरायची. तिखट बंद. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, नाचणीची पेज, मऊ भात, अंडं, ताक. दर आठवड्याला वजन करायचं. गिळताच येईना तर नाकातून नळी घालतात. नळी म्हणजे शेवट आला, असं समजून पुष्कळ जणी नको म्हणतात. तसं नसतं, काही आठवड्यांनी बहुतेकींची नळी निघते. तोंड उघडायचा व्यायाम रोज करायचा, आपली तीन बोटं एकावर एक उभी तोंडात जातात का, हे बघत राहायचं. गिळायचे व्यायामही विचारून घ्यायचे.

मानेवर हळद, तेल, बाम, पावडर काही लावायचं नाही. गळ्यातलं मंगळसूत्र, कानातलं, नथ शेकाच्या वेळी काढावी लागते, धातूमुळे किरण विस्कटतात. पुढे मानेची कातडी सोलते तेव्हा तर पोतही घासते. सासूबाईंना हे आधीच समजावून सांगावं, म्हणजे त्या बाईला दुखण्यात बोलणी नकोत. आणखी एक, बाहेरून शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण उरत नाहीत. तिच्या ताटात जेवलं, तिच्या कुशीत नातवंड झोपलं तरी कुणाला काही होत नाही.

शेक संपला की हॉस्पिटलमधून एक कागद मागून घ्या. त्यावर कुठल्या भागाला, कोणत्या पद्धतीने, किती ग्रे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहिलेलं असतं. त्याची झेरॉक्स काढून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. पुढे कधी पुन्हा शेक द्यायची वेळ आली, तर नवा डॉक्टर सगळ्यात आधी तोच कागद मागेल. मानेला शेक झालेल्यांनी वर्षातून एक-दोनदा थायरॉईडची रक्ततपासणीही करून घ्यायची असते.